अलाकेच्या दारात

पाय जपून टाका, वाटेवर ओल्या कापडांचं निळं पाणी सांडलंय. हे १९४७ सालचं अबेओकुटा, नायजेरियातल्या एग्बा लोकांचं शहर. आजच्यापुरतं तुम्ही इथली रंगारीण आहात. वाचणारा पुरुष असला तरी सुटका नाही. हात कोपरापर्यंत निळे, नखं काळी, आंबलेल्या निळीचा उग्र वास केसांत मुरलेला. पाठीशी बांधलेलं पोर घामानं अंगाला चिकटलंय. शेजारी पामतेलात चवळीची भजी, म्हणजे अकारा, तडतडतेय. तोंडाला पाणी सुटलं ना? पण खायला बसू नका, करवसुलीवाले आलेत.

नवऱ्याचा कर वेगळा, तुमचा वेगळा. मुलाला १६व्या वर्षी कर लागतो, मुलीला १५व्याच. वय ठरवायला पोरींचे कपडे उतरवतात. तुमची थोरली तेव्हापासून बाजारात यायची थांबलीय. पैसे घेताना बाई मोजायची, कारभाराच्या बैठकीत मात्र तिला जागा नाही.

म्हणून चला, सगळ्याजणी निघाल्यात. अलाके म्हणजे इथला राजा. त्याच्या वाड्यासमोर हजारो बायका. खांद्याला खांदा घासतोय, धूळ दाताखाली करकरतेय. पुढे फुनमिलायो रॅन्सम-कुटी. या शिकलेल्या बाईंनी बाजारकरणींना अक्षरं शिकवली, इंग्रजी झगे सोडून तुमच्यासारखंच कापड कमरेला गुंडाळलं. मोर्च्याला परवानगी मिळेना, तेव्हा त्याला वनभोजन म्हणायला लागल्या!

अचानक गलका थांबतो. पुरुषांनी ओरोची, म्हणजे फक्त पुरुषांच्याच पंथातल्या दैवताची, काठी बाहेर काढलीय. ओरो निघाला की बाईनं दार लावून आत बसायचं, पाहिलं तर मरण, हे तुम्ही लहानपणापासून ऐकलंय. घरी जा, नाहीतर अनर्थ होईल, असा दम येतो. गुडघ्यातलं बळ जातं, तुम्ही मागे सरता, कुणाची तरी टाच तुमच्या बोटांवर पडते. या भीतीला हलकं समजू नका. सैनिकाच्या बंदुकीपेक्षा ती जुनी आहे.

आणि रॅन्सम-कुटी ती काठी हिसकावून घेतात! सगळ्यांना दिसेल अशी उंच धरून फिरवतात. आता ताकद बायकांकडे आहे, म्हणतात.

काहीही होत नाही. कुणी मरत नाही. मग असा आवाज उठतो की पाठीवरचं पोर दचकून रडायला लागतं आणि तुम्हीही घसा फाटेपर्यंत ओरडता.

पुढे हा कर उठेल, अलाके गादी सोडून शहराबाहेर जाईल. ते नंतरचं. अशा दिवसांत कधी कधी रात्रही इथंच काढावी लागते. सरका जरा, मागच्या आजीला बसू द्या.