मृगाआधीचा महिना



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. पुढे गावोगावच्या शहरवासीयांना उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार विचार ऐकण्याची गोडी लागली, ती आजही टिकून आहे. मात्र आपण मंडपात बसून इतिहास ऐकतो, त्याच दिवसांत आपापल्या घरी वर्षातले सर्वांत दाट काम चाललेले असते, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. जालना जिल्ह्याचा इतिहास म्हटला की असईची १८०३ ची लढाई निघते, जांब गावी जन्मलेल्या समर्थांचे नाव निघते. ते योग्यच आहे. पण वैशाखाच्या मध्यापासून मृग लागेपर्यंतच्या दिवसांचाही एक इतिहास आहे. आमचे आयुष्य मोंढ्यातले हमाल आणि कारखान्यांचे दरवाजे यांत गेले. शाळा लवकर सुटली, जे वाचले ते रात्री वाचले. म्हणून आम्ही हा विषय कामगाराच्या डोळ्यांनी पाहणार आहोत.

प्रथम काम काय असते ते पाहू. मृग साधारणपणे जूनच्या सात-आठ तारखेला लागतो. त्यानंतर शेतकऱ्याच्या घरात कोणालाच उसंत नसते. तेव्हा चार महिन्यांची बेगमी त्याआधी झाली पाहिजे. गहू तीन दिवस भिजत घालावयाचा, रोज पाणी बदलावयाचे, मग तो वाटून, गाळून त्याचा चीक काढावयाचा. पहाटे अंधारात तो चुलीवर शिजवताना हात थांबला की गुठळी झालीच. ऊन चढण्याच्या आत साच्यातून कुरडया बाजेवर पडल्या पाहिजेत. पाट उतरता लावून त्यावर शेवई वळावयाची, ती तुटू न देता काठीवर वाळत टाकावयाची. सरगुंडे, नखुल्या, बोटवे असे वळवटाचे किती प्रकार! कणीक किती सैल, ऊन किती कडक, वारा कुठला, हे सारे बोटांना कळते. कारखान्यात अशा कामगाराला आम्ही कुशल कामगार म्हणतो आणि त्याच्यासाठी वेगळा दर मागतो.

दुपारी ऊन डोक्यावर आले की वाकळ शिवावयास घेतात. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरून शेजारच्या दोघीतिघी चहूबाजूंनी बसतात आणि धावदोरा घालीत कडेकडून मध्याकडे येतात. ज्या लुगड्याने सासूचा जन्म गेला ते नातवाच्या अंगाखाली येते. फाटके वाया न घालवणारी ही कला गरिबीतून आली हे खरे. पण टाके मोजून पाहावे, त्यांत गरिबी दिसत नाही.

पुरुषांचे काम अंगणात. अंबाडी ओढ्याच्या डोहात कुजवून, सोलून तिचा वाख आधीच निघालेला असे. उन्हाळ्यात तो पिळून कासरे, दावी, चऱ्हाटे होत. बाज नव्याने विणली जाई. सुतार पाभर नीट करी, लोहार वखराची पास पाजवून देई, बुरूड सुपे-टोपल्या आणी. माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडे, नाहीतर पहिल्याच पावसात घर गळावयाचे.

या चित्रात एक काळा डाग आहे आणि तो झाकून इतिहास सांगता येत नाही. मोटेचा दोर मांगवाड्यातून येई, मोटेचे कातडे चांभार शिवी. ज्यांच्या दोरावाचून आणि कातड्यावाचून विहिरीचे पाणी वर येत नव्हते, त्यांनाच त्या विहिरीला शिवण्याची बंदी होती. खळ्यावर मिळेल ते धान्य हाच त्यांच्या वर्षाच्या कामाचा मोबदला. म्हणून जुन्या गावगाड्याची आठवण काढून जे उसासे टाकतात, त्यांच्यात आम्ही सामील होऊ शकत नाही. हाताची कला थोर होती. तिच्याभोवतीची व्यवस्था थोर नव्हती.

आता माळवदावरच्या त्या पांढऱ्या मातीकडे पुन्हा पाहू. ही पांढरी बहुधा जुन्या गावठाणाच्या टेकाडातून आणतात, म्हणजे पूर्वी नांदलेल्या घरांच्या राखेची आणि भिंतींचीच ती माती. केळना नदीकाठच्या भोकरदनला असेच मोठे टेकाड आहे. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून तेथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकाळचे भोगवर्धन नगर उजेडात आले. मणी, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंती वस्तू आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिचे साम्य इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या मूर्तीशी आहे, असे विद्वान सांगतात. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांत भोगवर्धनच्या लोकांची नावे कोरलेली आहेत. त्याच सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी, हे कोरीवकाम आम्ही केले, असे लिहून ठेवले आहे. आम्हां संघटनेच्या माणसांना हा लेख फार मोलाचा वाटतो. दोन हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी एकत्र येऊन आपल्या कामावर आपले नाव घातले. परंतु त्याच काळी ज्या बायांनी भोगवर्धनात दाणे दळले आणि भिंती सारवल्या, त्यांच्या नावाचे अक्षरही कोठे नाही. बारा बलुत्यांच्या यादीतही घरच्या बाईचे नाव नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी निजामच्या राज्यातून हैदराबाद-मनमाड रेल्वे सुरू झाली आणि जालना कापसाची मोठी पेठ झाले. गाडीतून कापूस बाहेर गेला, गिरणीचे कापड आत आले. घरचे सूत बंद पडले. पुढे विजेच्या पंपाने मोट घालवली, नायलॉनने अंबाडी घालवली. यंत्राला आमचा विरोध नाही. मोट ओढताना बैलाबरोबर माणूसही झिजत होता. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जे काम पुरुषाचे होते त्यातले बरेच यंत्राकडे गेले. बाईचे काम मात्र तिच्याकडेच राहिले आणि त्यात रोजगाराची भर पडली.

ती कशी पडली हे १९७२ च्या दुष्काळाने दाखविले. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. वळवटाच्या दिवसांत बाया खडी फोडत होत्या. आपत्ती मोठीच, पण त्या खडीच्या ढिगाऱ्यावर एक नवी गोष्ट घडली. हजेरीपटावर बाईचे नाव स्वतंत्र लिहिले गेले आणि तिच्या मापाचे पैसे तिच्या हातात पडले. पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीचा १९७७ साली कायदा झाला. अनेक घरांत बाईच्या श्रमाची कागदावरची ही पहिली नोंद होती.

याच्या उलट उदाहरण ऊसतोडीचे. आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर कारखान्यांकडे जातात आणि चैत्र-वैशाखात परततात. नवराबायको मिळून तेथे एक ‘कोयता’ समजतात. उचल कोयत्याला, हिशेब कोयत्याला. त्यात बाईचा वाटा किती, हे कोणत्याही वहीत नाही. परत आल्यावर विश्रांती पुरुषाला मिळते. बाईला मात्र पावसाळ्याच्या बेगमीचा महिना समोर उभा असतो. अशाच एका घरी आम्ही नावे नोंदवावयास गेलो होतो. घरधनी म्हणाला, “भाऊ, हिचं लिहू नका, ही सध्या काही करत नाही.” ती त्या वेळी चिकाचे पातेले उतरवीत होती. ती हसून म्हणाली, “दादा, लिवा तसंच. काही करत नाही म्हणून लिवा, अन् ह्या कुरडया आपोआप झाल्या म्हणून लिवा.”

त्या माणसाला दोष देऊन काय उपयोग? सरकारी जनगणनाही केवळ घरकाम करणाऱ्या बाईला काम न करणाऱ्यांतच धरीत आली आहे. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे, असे दिसले. आकडा निघाला, हीच मोठी गोष्ट.

कोणी म्हणेल, मायेने केलेल्या कामाची किंमत काय करावयाची? आमचे उत्तर असे की, किंमत केल्याने माया आटत नाही. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास घेतले. तीच आजची लिज्जत पापड ही संस्था. पापड तोच, लाटणे तेच. फरक एवढाच की कामाची वही होती आणि वहीत त्यांची नावे होती. आज आपल्या शहरांतही शेवया-पापडांच्या ऑर्डरी घेणाऱ्या बाया आहेत. त्यांचा दर मात्र बहुधा घेणाराच ठरवितो. १९९६ साली आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी करार केला. आपल्याकडे २००८ च्या असंघटित कामगारांच्या कायद्यात त्यांची व्याख्या आली. व्याख्येपासून मजुरीपर्यंतची वाट संघटनेवाचून चालता येत नाही, हा आमचा अनुभव आहे.

तेव्हा श्रोत्यांना आमचे सांगणे थोडके आहे. मृगाला अजून दिवस आहेत. आपल्या घरात या दिवसांत कोणी, किती तास, काय केले, हे एका साध्या वहीत लिहावे, आणि प्रत्येक कामापुढे करणारीचे नाव लिहावे. विदिशेच्या कारागिरांनी ते दगडावर लिहिले. आपल्याला कागद पुरे आहे. वही भरली म्हणजे ती घरातल्या पुरुषांनी एकदा मोठ्याने वाचावी, आणि पुढच्या वर्षी त्यातली कोणती कामे आपण उचलणार तेही तिथेच लिहावे.