चावडीवरचं भांडण

मागच्या शनिवारी रेणापूरला घरी गेलो होतो. जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडला आणि मराठी विकिपीडियावर लातूर जिल्ह्याबद्दल एक वाक्य लिहिलं: १५ ऑगस्ट १९८२ रोजी हा जिल्हा उस्मानाबादमधून वेगळा झाला. दहा मिनिटांत कुणीतरी 'उस्मानाबाद'चं 'धाराशिव' केलं. मी उलटवलं. त्यानं परत केलं. असं तीनदा झालं. दोघंही फुकट राबणारे, आणि एका शब्दासाठी हमरीतुमरीवर!

मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. तिथं सगळ्यांनी बसून बोलायच्या जागेला नाव दिलंय 'चावडी'. नाव गंमतीचं वाटतं, पण त्यामागे मोठा इतिहास आहे.

शिवकाळात आणि पेशवाईत मराठी मुलखातले वतनाचे, शिवेचे तंटे गोतसभेपुढे यायचे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार असे सगळे बसायचे. आधी दोन्ही पक्षांकडून 'राजीनामा' घ्यायचे. आपला नोकरी सोडायचा राजीनामा नव्हे हो! निवाडा मान्य करू अशी ती कबुली. मग साक्षीपुरावे आणि शेवटी निवाड्याचा कागद, म्हणजे महजर. त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या असत. पाटलाची निशाणी नांगर. हरलेला पक्ष जिंकलेल्याला 'येजितखत' लिहून देई, की माझा दावा खोटा ठरला.

विकीवर यातलं बरंच काही आहे. कुणी कधी काय बदललं ते लेखाच्या इतिहासात कायम राहतं, तोच आमचा महजर. येजितखत मात्र नाही. गावात हरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी त्याच गावात नांदायचं असे. इथं हरलेला माणूस परत लॉगइनच करत नाही, आणि मराठीत लिहिणारे आधीच मोजके.

गोतसभेत जातीची उतरंड होती, त्यामुळे तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण हरलेल्यालाही गावात ठेवायचं, हे तिला सुटलं नव्हतं.

इंग्रजी विकिपीडियावर पोलंडमधल्या एका शहराला डान्झिग म्हणायचं की ग्दान्स्क, यावर असाच वाद पेटला होता. २००५ साली मतदान झालं आणि ठरलं की १३०८ ते १९४५ या काळाबद्दल लिहिताना डान्झिग, एरवी ग्दान्स्क. ज्या काळाची गोष्ट, त्या काळाचं नाव!

मग मी चौथ्यांदा उलटवलं नाही. चर्चा पानावर लिहिलं, "२०२३ पासून नाव धाराशिव आहे, हे तुमचं बरोबर. पण १९८२ साली कागदोपत्री उस्मानाबाद होतं. 'तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातून' असं लिहू या का?"

रात्रभर उत्तर नाही. वाटलं, गेला हा. सकाळी पाहिलं तर माझं वाक्य त्यानं स्वतःच लेखात टाकलं होतं. वर माझ्या शुद्धलेखनाच्या दोन चुकाही दुरुस्त केल्या होत्या.

असो. येजितखत कुणीच लिहिलं नाही, पण गावात दोघंही राहिलो.