विक्रमभाईंची आत्या आणि माझी आत्ती

चिकोडीच्या आमच्या घरात आत्तीची पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात लुगडी कमी, पाकिटं जास्त. नवं तिकीट निघालं त्याच दिवसाचा शिक्का मारलेली, डावीकडं चित्र छापलेली 'फर्स्ट डे कव्हरं'. बेळगावला कोणी निघालं की आत्ती रुमालात पैसे बांधून द्यायची.

सगळ्यात वरचं पाकीट विक्रम साराभाईंचं. तिकीट वीस पैशांचं, शिक्का ३० डिसेंबर १९७२ चा. तारीख बघा. बरोबर वर्षाआधी, ३० डिसेंबर १९७१ ला, ते कोवलमला गेले होते. वय अवघं बावन्न. अहमदाबादच्या जैन गिरणीमालकाचा हा मुलगा. केरळात थुंबा या मच्छीमारांच्या गावातून २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिलं रॉकेट उडालं, तेव्हा कचेरी होती चर्चमध्ये आणि रॉकेटचे भाग सायकलवरून न्यायचे.

आत्तीलाही सायन्सला जायचं होतं. मॅट्रिकला गणितात चांगले मार्क होते. पण घरात ठरलं, सायन्सला बेडूक कापावा लागतो, जीवहिंसा होते, नको. शिक्षण तिथंच थांबलं.

पुढं मी अनसूया साराभाईंबद्दल वाचलं. या विक्रमभाईंच्या सख्ख्या आत्या. लहानपणी लग्न झालं, ते टिकलं नाही. भाऊ अंबालाल यांनी १९१२ मध्ये त्यांना डॉक्टरकी शिकायला इंग्लंडला पाठवलं. तिथं प्राणी चिरायची वेळ आली तेव्हा त्यांचाही जैन जीव धजला नाही. पण त्या घरी नाही परतल्या, विषय बदलला आणि लंडनमध्येच अर्थशास्त्राच्या कॉलेजात गेल्या. १९१८ च्या अहमदाबादच्या गिरणी संपात त्या कामगारांच्या बाजूनं उभ्या राहिल्या, आणि समोर मालकांच्या बाजूला होता तोच भाऊ!

अडचण दोघींची एकच. आमच्याकडं 'विषय बदल' असं म्हणणारं कोणी नव्हतं, एवढंच. गणित होतं, फिजिक्स होतं. रॉकेटला कुठं बेडूक लागतो? आमच्या अहिंसेला पोरीचं शिक्षण थांबवणं बरं चालायचं, असं मला आता वाटतं.

आणि माझा गुन्हा सांगते. १९७५ च्या एप्रिलमध्ये 'आर्यभट' आकाशात गेला. उडाला रशियातून, पण बांधला आपल्या बेंगळुरात, पीण्याच्या शेडमध्ये. त्याचं पंचवीस पैशांचं तिकीट निघालं. आत्तीनं ते पाकीट मिळवलं. मी तेव्हा दुसरी-तिसरीत. वर्गातल्या पोरी तिकिटं जमवत, म्हणून मी ते पाकीट वाटीभर पाण्यात भिजवून तिकीट सोडवलं. अर्धा शिक्का तिकिटाबरोबर गेला, अर्धा पाकिटावर राहिला. तिकीट सुटं कुठंही मिळतं. त्या तारखेसकट अख्खं पाकीट मिळत नाही, हे मला काय ठाऊक?

आत्ती रागावली नाही. पाकीट वाळवलं, वहीत दाबून सरळ केलं आणि परत ट्रंकेत ठेवलं. तिकीट मला दिलं. म्हणाली, "ठेव. पण सायन्स घे."

मी आर्ट्सला गेले. ते तिकीट अजून माझ्याकडं आहे.