कोल्हापूरची तळी : शहराच्या जलव्यवस्थेचा इतिहास

कोल्हापूरच्या जुन्या वस्तीला पेठा, वेशी आणि तालमी यांनी जसा आकार दिला, तसाच तो तळ्यांनीही दिला. रंकाळा, कोटितीर्थ, वरुणतीर्थ, कपिलतीर्थ, रावणेश्वर ही तळी पावसाळ्यात भोवतालच्या उतारांवरून येणारे पाणी पोटात घेत आणि ते जमिनीत मुरू देत. पाणी, माती व वनस्पती यांच्याकडूनच शहराची कामे करून घेणाऱ्या व्यवस्थेला आज हरित पायाभूत सुविधा म्हणतात. कोल्हापुरात ती या संज्ञेच्या कितीतरी आधीपासून नांदत होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कात्यायनी डोंगराच्या बाजूला कळंबा तलाव बांधला गेला, त्याचे पाणी शहराला मिळू लागले आणि साठवणीच्या टाकीवरून मंगळवार पेठेतील एका भागाला ‘पाण्याचा खजिना’ हे नाव पडले.

या व्यवस्थेचे खरे राखणदार तिचा रोज वापर करणारे लोक होते. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून देणारे गवळी आपल्या म्हशी रंकाळ्यात किंवा पंचगंगेत धूत. परीट, पोहणारी मुले आणि तीर्थस्नानाला येणारे भाविक यांचाही तळ्यांशी नित्याचा संबंध होता, त्यामुळे पाणी बिघडले की ते कोणाच्या तरी लगेच ध्यानात येई.

1854 मध्ये नगरपालिका स्थापन झाली, पुढे नळाचे पाणी घरोघरी पोहोचले आणि वाढत्या शहराला तळ्यापेक्षा त्याखालची जमीन मोलाची वाटू लागली. कपिलतीर्थाच्या जागी भाजी मंडई, रावणेश्वराच्या जागी शाहू स्टेडियम आणि वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान आले. मात्र जमिनीचा उतार बदलला नाही, म्हणून जोराच्या पावसात गांधी मैदानाचे आजही तळे होते. 2005, 2019 आणि 2021 चे महापूर पंचगंगेचे होते व शहरातील तळ्यांनी ते रोखले नसते. तथापि शहरावरच पडणाऱ्या पावसाला थोपवण्याची सोय तळ्यांबरोबर बुजली, हे नाकारता येत नाही.

रंकाळा मात्र टिकला. सांडपाणी व जलपर्णीने त्याची दुर्दशा झाली, तेव्हा राष्ट्रीय तलाव संवर्धन योजनेतून निधी आला. परंतु निधीइतकेच मोल नागरिकांच्या बदललेल्या सवयीचे आहे. मूर्तिदानाला मिळालेला प्रतिसाद आणि नदी-तलावाऐवजी इराणी खणीत, म्हणजे दगड काढून उरलेल्या जुन्या खड्ड्यात, होणारे गणेश विसर्जन ही त्याची ठळक उदाहरणे होत. तळे राखायचे, तर त्याच्याशी लोकांचे रोजचे नाते पुन्हा जोडावे लागते, हाच या इतिहासाचा धडा आहे.