जाळायचं, पण किती?

गालावरून वाऱ्याची झुळूक गेली, दाताला ब्रश लागला किंवा घोटभर पाणी प्यायलं, की चेहऱ्याच्या एका बाजूला वीज चमकावी तशी कळ येते. काही सेकंदांत ती थांबते आणि पुन्हा येते. अनेकांना आधी दातच दुखतोय असं वाटतं. चांगला दात उपटला जातो, कळ मात्र राहते. या आजाराचं नाव ट्रायजेमिनल न्यूराल्जिया.

1677 मध्ये पॅरिसला इंग्लंडच्या राजदूताच्या पत्नीला अशाच कळा येत होत्या. तिच्यावर उपचार करायला गेलेला वैद्य म्हणजे तत्त्वज्ञ जॉन लॉक. पत्रांमधलं त्याचं वर्णन वाचून आजचा डॉक्टरही आजार ओळखेल. 1756 मध्ये निकोला आंद्रे या फ्रेंच सर्जनने या दुखण्याला नावही दिलं. तरी वेदना नेमकी कुठल्या मज्जातंतूतून जाते, हे स्पष्ट नव्हतं.

चेहऱ्याचा सातवा मज्जातंतू स्नायू हलवतो, पाचवा स्पर्श आणि वेदना मेंदूकडे नेतो. चार्ल्स बेलच्या 1820 च्या दशकातल्या कामातून हा फरक पुढे आला. त्याआधी सर्जन वेदना थांबवण्यासाठी सातवाच कापत. रुग्णाचं तोंड वाकडं व्हायचं आणि कळ तशीच राहायची.

पाचव्या मज्जातंतूच्या तीन फांद्या कवटीच्या तळाशी एका गाठीत एकत्र येतात. तिला गॅसेरियन गँगलियन म्हणतात. 1890 च्या दशकात सर्जन कवटी उघडून ही गाठच काढू लागले. वेदना जायची, पण अर्धा चेहरा कायमचा बधिर व्हायचा, आणि सुरुवातीला कित्येक रुग्ण दगावायचे.

मग सुईचा मार्ग सापडला. फ्रिट्झ हेर्टेल या जर्मन सर्जनने 1910 च्या दशकात ओठाच्या कोपऱ्याजवळून सुई घालून, कवटीच्या तळाच्या लंबगोल छिद्रातून गाठीपर्यंत पोहोचायची पद्धत रूढ केली. सुईतून अल्कोहोल सोडत, पण द्रव कुठवर पसरेल यावर ताबा नसे. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला मार्टिन किर्शनरने त्याच मार्गाने विजेचा प्रवाह सोडून गाठ जाळायला सुरुवात केली. तापमान कळायची सोय नसल्याने हे जाळणंही आंधळंच होतं.

उत्तर मिळालं बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये. मेंदूत नेमकी इजा करायला साधा एकदिश प्रवाह बेभरवशाचा आहे, हे तिथल्या विल्यम स्वीटच्या 1950 च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं होतं. सॉल ॲरोनाव या भौतिकशास्त्रज्ञाने त्याच्यासाठी रेडिओ-वारंवारितेच्या प्रवाहाचं यंत्र तयार केलं. अशी यंत्रं साधारण 500 किलोहर्ट्झच्या आसपास चालतात. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी 558 किलोहर्ट्झवर लागायची, म्हणजे जवळपास तोच पट्टा. इतक्या जलद दिशा बदलणाऱ्या प्रवाहाने स्नायूंना झटके बसत नाहीत. टोकाभोवतीच्या ऊतींमधले आयन मागेपुढे हलतात आणि त्या घर्षणातून उष्णता तयार होते. म्हणजे सुई तापून ऊतीला भाजत नाही, ऊतच तापते आणि सुईचं टोक तिच्यामुळे गरम होतं. म्हणूनच टोकात तापमापक बसवला की मज्जातंतू किती तापलाय ते कळतं.

1974 मध्ये स्वीट आणि वेप्सिक यांनी ही नियंत्रित पद्धत प्रसिद्ध केली. तापमापकाइतकाच महत्त्वाचा होता रुग्णाशी संवाद. थोडा वेळ टिकणारी भूल देऊन सुई आत न्यायची. रुग्णाला जागं करून क्षीण प्रवाह सोडायचा आणि मुंग्या कुठे येतात ते विचारायचं. उत्तर हनुवटी आलं आणि दुखणं गालात असेल, तर सुई सरकवायची. पुन्हा झोपवून थोडं तापवायचं, पुन्हा जागं करून टाचणी आणि कापूस लावून पाहायचं. टोचणं कमी झालं आणि स्पर्श शिल्लक असला, की थांबायचं. इंजिनिअरिंगच्या भाषेत हा फीडबॅक लूप, ज्यात शेवटचा सेन्सर म्हणजे शुद्धीवरचा माणूस.

वेदना नेणारे बारीक तंतू उष्णतेने आधी निकामी होतात आणि स्पर्शाचे जाड तंतू टिकतात, अशी यामागची धारणा होती. पुढच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत मात्र सगळ्याच प्रकारच्या तंतूंना इजा झालेली दिसली. म्हणजे इथे सौदा आहे: थोडी बधिरता घ्यायची आणि कळ द्यायची. जास्त तापवलं तर डोळ्याच्या पारदर्शक पडद्याची संवेदना जाऊ शकते. मग डोळ्यात कचरा गेलेलाही कळत नाही, जखम चिघळून दृष्टी धोक्यात येते. चघळण्याचा स्नायू अशक्त होऊ शकतो. क्वचित बधिर झालेला भागच सतत दुखू लागतो, आणि त्यावर उपाय करणं फार अवघड असतं. उलट कमी तापवलं, तर कळ लवकर परतते.

आज सुरुवात बहुधा कार्बामाझेपिनच्या गोळीने होते. या आजारावरचा तिचा उपयोग 1962 मध्ये स्वीडनच्या ब्लूमने दाखवला. रक्तवाहिनी मज्जातंतूवर दाबत असेल, तर पीटर जॅनेटाने 1960 च्या दशकात रूढ केलेल्या शस्त्रक्रियेने ती बाजूला करता येते आणि काही जाळावं लागत नाही. पण गोळी पुरत नसेल आणि वयामुळे कवटी उघडणं जोखमीचं असेल, तर ही सुई उपयोगी पडते. दुखणं परतलं तर ती पुन्हा वापरता येते.

तापमान पडद्यावर दिसतं. कुठे थांबायचं ते मात्र रुग्ण किती बधिरपणा सोसायला तयार आहे यावर ठरतं, आणि ते त्याला सुई टोचण्याआधीच विचारावं लागतं.