उलुरूवरची वहिवाट

आपल्याकडे जमिनीच्या भांडणात दोन शब्द हटकून कानी पडतात: मालकी आणि वहिवाट. सातबारा एकाच्या नावावर असतो आणि शेतातून पाऊलवाट दुसऱ्याच्याच पायांनी पडलेली असते. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या वाळवंटात 348 मीटर उंचीचा, नऊ किलोमीटरांहून अधिक घेराचा उलुरू हा तांबडा वालुकाश्म उभा आहे. त्याच्या पश्चिमेकडच्या चढावर एक फिकट पट्टा दिसतो. लाखो बूट घासून खडकाची तांबडी कांती तिथे निघून गेली आहे. या पट्ट्याचा माग काढत आपण मागे जाऊ.

त्या चढाची जुनी ओळख तिथले मूळ आदिवासी अनांगु लोक सांगतात. त्यांच्या त्जुकुर्पात, म्हणजे सृष्टीची उत्पत्ती, कायदा आणि आचार एकत्र बांधणाऱ्या परंपरेत, कांगारूच्या कुळातला ‘माला’ हा लहानसा प्राणी त्यांच्या पूर्वजांपैकी एक आहे. माला पुरुष सोहळ्यासाठी इथे आले तेव्हा याच बाजूने वर गेले. म्हणून ती वाट पवित्र. एरवी तिथे पाय ठेवायचा नाही. 1873 च्या जुलैत विल्यम गॉस हा भूमापक तिथे पोहोचला आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाचे मुख्य सचिव हेन्री एअर्स यांचे नाव त्याने खडकाला देऊन टाकले. त्याच्याबरोबर वर चढला कामरान नावाचा उंटवान. थॉमस एल्डर या व्यापाऱ्याने 1865 च्या अखेरीस शंभरावर उंट आणि ते हाकणारी माणसे कराचीहून आणवली, तेव्हापासून त्या वाळवंटातल्या अनेक मोठ्या मोहिमा अशा उंटवानांच्या जोरावर निघू लागल्या. कराची त्या काळी मुंबई इलाख्यात होती. गॉसच्या पायांना फोड आले होते आणि कामरान अनवाणीच मजेत हिंडत होता. त्याच्या टणक पायांचा आपल्याला हेवा वाटला, असे गॉसने नोंदवले आहे. खडकाला नाव मिळाले ते आपल्या कचेरीत बसलेल्या एअर्सचे. कामरानची आठवण या इतिहासात फार थोडे जण काढतात.

1920 साली हा मुलूख आदिवासींसाठी राखीव झाला, पण पर्यटकांच्या गाड्या येऊ लागल्यावर सरकारने 1958 मध्ये उलुरू आणि शेजारचा काता त्जुता हा खडकसमूह राखीव क्षेत्रातून वगळून राष्ट्रीय उद्यानात घातले. पायथ्याशी मोटेल आली, धावपट्टी आली. चढताना माणसे पडू लागली, मरू लागली, तेव्हा 1964 मध्ये खडकात भोके पाडून लोखंडी खुंट ठोकले गेले आणि त्यांतून साखळी ओवली गेली. 1976 मध्ये ती आणखी वाढवली. माझ्या मते या साऱ्या कहाणीतले निर्णायक वळण म्हणजे ही साखळी. ती बसेपर्यंत चढणे हे काही धाडसी माणसांचे वेड होते. साखळीने त्याला सरकारमान्य वहिवाट केले. साखळीला धरून रांगेने वर सरकणाऱ्या या माणसांना अनांगुंनी नाव दिले ‘मिंगा’, म्हणजे मुंग्या.

त्याच 1976 साली नॉर्दर्न टेरिटरीचा आदिवासी भूमिहक्क कायदा झाला. अनांगुंनी दावा लावला. पण 1979 मध्ये भूमी आयुक्त जॉन टूही यांनी आजूबाजूच्या जमिनीवरचा हक्क मान्य करून उद्यान मात्र दाव्याबाहेर ठेवले, कारण ते 1977 मध्येच केंद्राच्या उद्यान संचालकाकडे गेले होते. कायदाच बदलणे भाग होते. 1983 मध्ये पंतप्रधान बॉब हॉक यांनी जमीन परत करण्याची घोषणा केली आणि तीत चढाई बंद करण्याचेही वचन होते. 26 ऑक्टोबर 1985 रोजी गव्हर्नर जनरल निनियन स्टीफन यांनी मालकीचा कागद अनांगुंच्या हाती ठेवला, आणि त्याच दिवशी तीच जमीन 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने सरकारकडे परत गेली. चढाईबंदीचे वचन मधल्या काळात गळून पडले होते. आपल्या दारातून कोणी जाऊ नये, एवढेही सांगता येत नसेल तर त्या कागदाला मालकी म्हणणे मला जड जाते.

अनांगुंनी मग विनवणीचा मार्ग धरला. 1987 मध्ये निसर्गासाठी जागतिक वारसा यादीत गेलेला उलुरू 1994 मध्ये तिथल्या संस्कृतीसाठीही त्या यादीत नोंदला गेला. चढाच्या तोंडाशी अनेक भाषांतली पाटी लागली: कृपया चढू नका. पाहुणा आपल्या घरात मेला तर यजमानाला जे दुःख होते तेच आपल्याला होते, हे ते पुनःपुन्हा सांगत राहिले. या चढाने 37 जीव घेतले आहेत. माथ्यावर संडास नव्हते, त्यामुळे पावसात घाण खालच्या पाणवठ्यांत उतरे. हळूहळू लोक ऐकू लागले. नव्वदच्या दशकात चारांतले जवळपास तीन पर्यटक चढत. 2015 पर्यंत प्रमाण सहांत एकावर आले. ते वीस टक्क्यांखाली गेले तर चढाई बंद करता येईल, अशी तरतूद 2010 च्या उद्यान आराखड्यात होतीच. 1 नोव्हेंबर 2017 रोजी बारांपैकी आठ सदस्य अनांगु असलेल्या व्यवस्थापन मंडळाने एकमताने निर्णय घेतला. हे खेळण्याचे ठिकाण नव्हे, असे अध्यक्ष सॅमी विल्सन यांनी सांगितले.

25 ऑक्टोबर 2019 हा चढाईचा शेवटचा दिवस. जोराच्या वाऱ्यामुळे सकाळी वाट उशिरा उघडली, पायथ्याशी लांब रांग लागली आणि शेवटचे लोक दुपारनंतर उतरले. 26 तारखेला, जमीन परत मिळाल्याला बरोबर 34 वर्षे पूर्ण होत असताना, बंदी लागू झाली. मग खुंट उपटले गेले, साखळी उतरवली गेली. फिकट पट्टा मात्र अजून आहे, आणि पाऊस पडला की पाणी त्याच्यावरूनही खाली वाहते.