डिजिटल पुरावा, तज्ज्ञाचे प्रमाणपत्र आणि न्यायालयाचा फेरविचार

पुरावा ग्राह्य धरण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला नियम राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ नुसार देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. तो बदलून घेण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. अनुच्छेद १३७ खालील फेरविचार याचिका निकालापासून ३० दिवसांत दाखल करावी लागते आणि ती बहुधा तोंडी युक्तिवादाविना निकाली निघते. दोन निकालांतील विसंगती दाखवून प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्याची विनंती करणे, ही दुसरी वाट. पुराव्याच्या कायद्यात खरा बदल बहुतेक वेळा या दुसऱ्या वाटेनेच आला आहे.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याची कथा तशीच आहे. जुन्या साक्षीपुरावा कायद्याच्या कलम ६५ ब मध्ये सीडी, कॉल तपशील, चित्रीकरण यांच्या प्रतींसाठी प्रमाणपत्राची अट होती. संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात २००५ साली न्यायालयाने ती शिथिल मानली. २०१४ मध्ये अन्वर प्रकरणात त्रिसदस्यीय पीठाने ती सक्तीची ठरवली. त्याच निकालाने पायरीही ठरवून दिली : आधी प्रमाणपत्र, आणि नोंदीच्या खरेपणाविषयी शंका उरली तर तज्ज्ञ परीक्षकाचे मत. २०१८ मध्ये शफी मोहम्मद प्रकरणात द्विसदस्यीय पीठाने पुन्हा सूट दिली. खालच्या न्यायालयांनी कोणाचे ऐकायचे?

या प्रश्नाचे उत्तर जालन्याच्या निवडणूक वादातून मिळाले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले होते. त्यांचे अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर दाखल झाले, असा कैलास गोरंट्याल यांचा दावा होता. आधार होता निवडणूक कार्यालयातील कॅमेऱ्यांच्या चित्रीकरणाचा. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. तरीही मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर द्विसदस्यीय पीठाने जुलै २०१९ मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला.

१४ जुलै २०२० रोजी न्यायमूर्ती नरिमन, भट आणि रामसुब्रमणियन यांच्या पीठाने अन्वरचा नियम कायम ठेवला आणि शफी मोहम्मद निकाल रद्दबातल ठरवला. मूळ उपकरणच मालकाने साक्षीत सिद्ध केले तर प्रमाणपत्र लागत नाही, हेही स्पष्ट केले. गोरंट्याल यांना मात्र दिलासा मिळाला : त्यांनी शक्य ते सारे केले होते, आणि अशक्य ते करण्याची सक्ती कायदा करीत नाही. नियम कडक ठेवून पक्षकाराला न्याय देण्याची ही किमया थोडक्या निकालांत दिसते.

ग्राह्यतेवरील आदेश बदलून मागताना वेळ महत्त्वाची ठरते. प्रमाणपत्र नसल्याचा आक्षेप खटल्यात न घेता प्रथमच अपिलात घेता येत नाही, असे २०१७ च्या सोनू निकालात म्हटले आहे. उलट, बंगळूरच्या २००८ मधील स्फोटांच्या खटल्यात हैदराबादच्या केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल प्रमाणपत्राअभावी अडला. तज्ज्ञ साक्षीदाराला परत बोलावण्याची सरकार पक्षाची मागणी खटला न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने फेटाळली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली, कारण खटला अद्याप संपला नव्हता.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने यात भर घातली आहे. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत : पहिला उपकरणाची जबाबदारी असलेल्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिची सांख्यिक ओळख, नोंदवावी लागते. हा तज्ज्ञ कोण, हे कलम सांगत नाही. चेक न वटल्याच्या किंवा घरगुती तंट्याच्या दाव्यात व्हॉट्सॲपचे संदेश जोडणाऱ्या सामान्य पक्षकारालाही आता अशा सहीची तजवीज करावी लागते.